क्लासिकल काळातल्या पाश्चात्त्य संगीताच्या फॉर्म्सवरचा (म्हणजे रचनेच्या साच्यांवरचा) कोर्स: वाजवून दाखवतात तिथे लाजवाब, आकृत्या काढतात तिथे कंटाळवाणा

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार तारे देतेय आणि पाचवा का कापला ते पुढे येईलच. ज्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हायडन, मोझार्ट, बीथोवन कानाला गोड लागतात पण त्या वीस-पंचवीस मिनिटांच्या सिम्फनीत आत्ता आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही, असं ज्यांचं होतं त्यांनी हा कोर्स डोळे झाकून घ्या. ज्यांना स्कोअर (लिहिलेली स्वरलिपी) आधीपासून वाचता येतो त्यांनी सुरुवातीचे धडे सोडून थेट सोनाटा फॉर्मवर उडी मारा. आणि ज्यांना काम करताना मागे काहीतरी शांत वाजत राहायला हवंय त्यांनी प्लीज घेऊ नका, कारण हा कोर्स केल्यावर मागे वाजत ठेवणं जमतच नाही, कान सारखा तिकडे जातो.

कोर्सचं स्वरूप म्हणजे रेकॉर्डेड व्हिडिओ, खाली सरकणारा स्कोअर, ऐकायच्या क्लिप्स, पीडीएफ नोट्स आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी क्विझ. शिकवणाऱ्या बाई स्वतः पियानिस्ट आहेत आणि त्यांच्यासमोर दोन वाद्यं आहेत, एक आजचा काळा भलामोठा ग्रँड आणि दुसरा फोर्टेपियानो, म्हणजे मोझार्टच्या वेळी व्हिएन्नात जसे पियानो बनत त्याची हुबेहूब नक्कल, लाकडी फ्रेम, जेमतेम पाच सप्तकं, हातोड्यांवर चामडं. खरं सांगू का, या दोन वाद्यांसाठीच अर्धे पैसे वसूल होतात. मोझार्टच्या के. ५४५ (के. म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) सोनाटाची सुरुवात सगळ्यांना पाठ असते, पियानो शिकणाऱ्या प्रत्येक पोराने ती कधी ना कधी बडवलेली असते, डाव्या हातात सा-प-ग-प असं सुटं सुटं गुंफलेलं कॉर्ड (एरवी एकत्र वाजणारे स्वर), ज्याला डोमेनिको अल्बर्टी या कंपोझरच्या नावावरून अल्बर्टी बास म्हणतात. बाई ते आधी ग्रँडवर वाजवतात, छान वाटतं पण डावा हात जरा गदळ होतो, स्वर एकमेकांत मिसळतात. मग तेच बाजूच्या फोर्टेपियानोवर, आणि तिथे डाव्या हाताचा एकेक स्वर मोत्यासारखा सुटा ऐकू येतो आणि वरची ट्यून गाण्यासारखी वर तरंगते. त्यावर बाई एवढंच म्हणतात की हे वाद्य असं होतं म्हणून हे लिखाण असं आहे, आणि पुढे जातात. शैलीवर पानंच्या पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते या प्रात्यक्षिकात शिरतं.

सुरुवातीचा भाग शैलीवर आहे. १७५० ते साधारण १८२० असा काळ सगळीकडे देतात तसा इथेही दिलाय, पण १७५० म्हणजे बाखचा मृत्यू आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन युग सुरू असला बाळबोधपणा केलेला नाही याचं कौतुक. बाखची स्वतःची मुलंच तोपर्यंत वेगळ्या वाटेने लागली होती, मोठी गुंतागुंत सोडून एक मुख्य ट्यून आणि तिच्याखाली हलकी साथ, छोटी छोटी वाक्यं, मध्ये श्वास घ्यायला जागा, ही गॅलंट शैली १७३०-४० पासूनच आलेली होती. वाक्यरचना समजावण्यासाठी 'आयने क्लायने नाख्टम्युझिक' (१७८७) घेतलंय, अगदी घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण, पण काय करणार, त्याच्यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणंही कठीण: पहिले दोन बार (मात्रांचे गट) फक्त टॉनिक म्हणजे घरच्या कॉर्डचे स्वर वर चढतात, पुढचे दोन बार डॉमिनंट म्हणजे पंचमावरच्या कॉर्डचे स्वर खाली येतात, सवाल आणि जवाब, झालं. बरोक संगीत एकदा सुरू झालं की अखंड धावत राहतं आणि हे मात्र बोलतं, थांबतं, पुन्हा बोलतं, हा फरक तुम्हाला पहिल्या तासाभरात कानाने पकडता येतो.

जर्मनीतल्या मॅनहाइमच्या ऑर्केस्ट्रावरच्या धड्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती चांगलीच मोठी आहे. धड्यातलं सांगणं उत्तम. तिथला कंपोझर योहान स्टामिट्झ, इलेक्टर कार्ल थिओडोरचा दरबार, तिथला तो शिस्तीचा ऑर्केस्ट्रा ज्याला चार्ल्स बर्नी या इंग्रज प्रवाशाने सगळे सेनापतीच असलेली फौज म्हटलं होतं, अगदी बारीक आवाजापासून चढत चढत सगळ्या वाद्यांच्या गडगडाटापर्यंत जाणारा तो क्रेशेंडो, कॉर्डचे स्वर बाणासारखे वर सोडणारं 'मॅनहाइम रॉकेट' आणि मग तेच रॉकेट बीथोवनच्या पहिल्या क्रमांकाच्या पियानो सोनाटाच्या (ओपस २ नंबर १) सुरुवातीला, सगळं नीट जोडून दाखवलंय. पण क्लिप लावली आणि क्रेशेंडो गायब! कारण या लोकांनी सगळा ऑडिओ एकाच पातळीला आणून ठेवलाय, बारीक आवाज उचललाय आणि मोठा दाबलाय, म्हणजे बोलणं फोनवर स्पष्ट ऐकू यावं म्हणून जे करतात तेच संगीतावरही केलंय. अरे, ज्या धड्याचा विषयच आवाजाचा चढ-उतार आहे तिथे तरी सोडायचं ना! स्टामिट्झ जीव तोडून वाढवतोय आणि मीटरचा काटा ढिम्म हलत नाही. सपोर्टला लिहिलं तर हेडफोन बदलून बघा असं उत्तर आलं.

आता सोनाटा फॉर्म. कोर्सचा सगळ्यात मोठा भाग हाच आणि माझ्या मते सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट दोन्ही भाग इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकात काय सांगतात ते सगळ्यांना माहीत असतं, एक्स्पोझिशनमध्ये (मांडणीत) पहिली थीम, मग दुसरी थीम, मग डेव्हलपमेंट म्हणजे त्यांची उलटापालट, मग रीकॅपिट्युलेशन (रीकॅप) म्हणजे सगळं पुन्हा, संपलं. ही थीमची भाषा मुळात एकोणिसाव्या शतकातली आहे, बर्लिनच्या ए. बी. मार्क्ससारख्या शिक्षकांनी रूढ केलेली, हायडन काही वहीत 'आता दुसरी थीम' असं लिहून बसत नव्हता. त्या काळात हाइनरिख कोखसारखे जे लोक रचनेवर लिहीत होते ते वाक्यं, विराम आणि स्केल यांच्या भाषेत लिहीत होते, म्हणजे घरच्या स्केलमधून निघालो, डॉमिनंटला जाऊन पक्का मुक्काम केला, मग लांब भटकलो आणि परत घरी आलो. बाई जेव्हा वाद्यावर बसलेल्या असतात तेव्हा बरोबर असंच शिकवतात. मोझार्टची ४० नंबरची सिम्फनी (जी मायनर, म्हणजे जरा उदास लागणारी स्केल, १७८८) घेतात. सुरुवातीलाच व्हायोला कुजबुजल्यासारख्या सुरू होतात आणि ट्यून क्षणभर नंतर येते, हे पियानोवर डाव्या हाताने वाजवून दाखवलंय, म्हणजे साथ आधी आणि गाणं नंतर, त्या काळात सिम्फनीची सुरुवात अशी करणं म्हणजे धाडसच. मग जी मायनरमधून बी फ्लॅट मेजरला गेल्यावर जी दुसरी ट्यून येते, ती थोडी उसासे टाकणारी पण तरी उजेडातली, ती वाजवतात. आणि मग डेव्हलपमेंट सगळी सोडून थेट रीकॅपमधली तीच ट्यून, आता जी मायनरमध्ये. त्या दोन्ही लागोपाठ वाजवतात, काहीही न बोलता. तीच ट्यून, तेच वळण, फक्त आता तिला घरी परत यावं लागलंय आणि घर मायनरमध्ये आहे. माझ्या अंगावर काटा आला. मी ही सिम्फनी किती वर्षं ऐकतेय, मोबाईलची रिंगटोनसुद्धा होती ती एकेकाळी सगळ्यांची, पण फॉर्म म्हणजे काय ते इथे कळतं, की कंपोझरने तुम्हाला एक गोष्ट दुसऱ्या गावी दाखवली आणि नंतर तीच घरी आणून दाखवली आणि ती बदललेली आहे.

आपल्याकडे कुणीतरी चटकन म्हणतं की हे म्हणजे समेवर येण्यासारखंच. मला ते पूर्ण पटत नाही. सम दर आवर्तनाला येते आणि तुम्ही मनात मोजत असता, रीकॅप अख्ख्या मूव्हमेंटमध्ये (रचनेच्या एका सलग भागात) एकदाच येतो, कुठे येणार ते मोजता येत नाही, फक्त आत्ता येईल आत्ता येईल असं वाटत राहतं, आणि ते वाटायला लावणं हीच तर सगळी कारागिरी. म्हणूनच मोझार्टला त्यात खोड्या काढता येतात. वर ज्या के. ५४५ बद्दल लिहिलं, नवशिक्यांसाठीचा म्हणून त्यानेच नोंद करून ठेवलेला सोनाटा, त्यात रीकॅप चक्क एफ मेजरमध्ये सुरू होतो, सी मेजरमध्ये नाही! म्हणजे ट्यून घरची आली पण घर आलंच नाही, शेजारच्याच दारात उभी. नवशिक्यांचा सोनाटा म्हणे. हे बाईंनी असं मजेत दाखवलंय की मी परत मागे जाऊन पाहिलं.

आणि मग व्हिडिओ संपतो आणि स्क्रीनवर येतात त्या आकृत्या. निळा चौकोन पहिली थीम, पिवळा चौकोन दुसरी थीम, करडा चौकोन ब्रिज, खाली बाण. जे आत्ता अर्धा तास कानाला शिकवलं ते विसरून परत थीम मोजायला लावतात. सगळ्यात कहर म्हणजे क्विझ. हायडनच्या १०४ नंबरच्या सिम्फनीची (१७९५, लंडनसाठी लिहिलेली त्याची शेवटची सिम्फनी) पहिली मूव्हमेंट लावलीय आणि प्रश्न काय, तर दुसरी थीम कुठे सुरू होते ते क्लिक करा. आता या मूव्हमेंटची गंमतच अशी की डी मेजरमधून ए मेजरला पोहोचल्यावर हायडन नवीन ट्यून देतच नाही, पहिलीच ट्यून ए मेजरमध्ये पुन्हा वाजवतो. हायडनची ही आवडती सवय, नवं गाव आलं पण माणूस तोच. मी ए मेजरच्या तिथे क्लिक केलं तर लाल फुली. बरोबर उत्तर काय धरलंय, तर बऱ्याच पुढे, एक्स्पोझिशन आटोपत आली की जी एक छोटी नवीन ट्यून येते ती. म्हणजे ज्याने क्विझ बनवली त्याने निळा-पिवळा चौकोन डोक्यात ठेवून स्कोअरमध्ये 'वेगळी दिसणारी ट्यून' शोधली. बाईंनी स्वतः ही क्विझ बनवली असेल असं मला अजिबात वाटत नाही. पाचवा तारा मुख्यतः इथे गेला.

हायडनला एकूणच या कोर्सने हात आखडता घेऊन वागवलंय असं माझं मत, म्हणजे धडे आहेत, पण मोझार्टच्या निम्मे. १७६१ पासून एस्टरहाझी घराण्याकडे नोकरी, राजवाड्यातला हाताशी असलेला छोटा ऑर्केस्ट्रा, जगापासून लांब, रोज काहीतरी नवीन करून बघायची सोय, त्यामुळे फॉर्मशी खेळायचं सगळ्यात मोठं प्रयोगघर याच माणसाचं होतं, शंभरावर सिम्फन्या आणि ६८ क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांच्या रचना) काही उगाच होत नाहीत. फेअरवेल सिम्फनीची (नंबर ४५, १७७२) गोष्ट सांगितलीय, ती सगळे सांगतात, प्रिन्स घरी जाऊ देईना म्हणून शेवटी एकेक वादक मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोन व्हायोलिन्स उरतात. सरप्राइज सिम्फनीतला (नंबर ९४, १७९२) तो धाडकन कॉर्डही आहे, आणि इथे एक चांगला मुद्दा काढलाय की हायडन तो धक्का परत देत नाही, लोक पुढच्या प्रत्येक वेळी दचकायच्या तयारीत बसलेले आणि हा आपला गुपचूप व्हेरिएशन्स (त्याच ट्यूनची बदलती रूपं) करत पुढे निघून जातो.

पण सगळ्यात भारी म्हणजे ओपस ३३ मधला 'जोक' क्वार्टेट (१७८१). शेवटची मूव्हमेंट रोंडो, म्हणजे मुख्य ट्यून पुन्हा पुन्हा येणार हे ठरलेलं, आणि शेवटी हायडन त्या ट्यूनचे तुकडे करतो, एक तुकडा, मग शांतता, दुसरा तुकडा, शांतता, लोकांना वाटतं संपलं, टाळ्या वाजवायला हात वर जातात, मग लांबलचक शांतता आणि मग परत ट्यूनची अगदी पहिली ओळ, बारीक आवाजात, आणि बस्स, खरंच संपलं. सुरुवातीचं वाक्य शेवटाला ठेवून दिलं. आता तुम्ही म्हणाल ही तर मस्त क्लिप. हो, पण अॅपच्या प्लेअरमध्ये 'शांतता वगळा' हे सेटिंग आधीपासून ऑन असतं! लेक्चरमधले पॉज काढायला ठेवलंय ते, आणि त्याने हायडनचे सगळे पॉज खाऊन टाकले, ट्यूनचे तुकडे एकमेकांना चिकटून धाड धाड वाजले आणि क्वार्टेट संपला. जोकच कापला. घेणाऱ्यांनी आधी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, मग बाकी सगळं.

मिन्युएट आणि ट्रिओवरचा धडा छोटा आहे आणि छोटाच बरा. तीन मात्रांचा दरबारी नाच, मध्ये ट्रिओ, मग परत मिन्युएट पण आता रिपीट न घेता, एवढंच सांगायचंय. मात्र हायडनच्या ४७ नंबरच्या सिम्फनीतला मिन्युएट दाखवलाय त्यासाठी तरी बघा, पहिला भाग वाजतो आणि दुसरा भाग म्हणजे तोच उलटा, शेवटच्या स्वरापासून पहिल्यापर्यंत, आणि ट्रिओही तसाच. सरकणाऱ्या स्कोअरचा खरा उपयोग कोर्सभरात मला इथेच झाला. व्हेरिएशन्स आणि रोंडो एकाच धड्यात कोंबलेत, त्यात एक गोष्ट बरी सांगितली की मोझार्टचा तो प्रसिद्ध 'तुर्की' शेवट असलेला के. ३३१ सोनाटा, त्याची पहिली मूव्हमेंट व्हेरिएशन्स आहे, दुसरी मिन्युएट, तिसरी आल्ला तुर्का, म्हणजे सोनाटा नावाच्या या रचनेत सोनाटा फॉर्म कुठेच नाही. चौकोन आखणाऱ्यांनी याची जरूर नोंद घ्यावी.

कन्चेर्टोचा भाग मला मनापासून आवडला. नियम असा की आधी ऑर्केस्ट्रा एकटाच सगळा माल मांडतो, सोलो वाजवणारा हात मांडीवर ठेवून बसलेला, मग तो येतो आणि पुन्हा आपल्या पद्धतीने मांडतो आणि तेव्हा कुठे स्केल बदलते. हे नीट बिंबवल्यावर लगेच के. २७१ (१७७७) लावतात, जिथे एकवीस वर्षांच्या मोझार्टचा पियानो दुसऱ्याच बारमध्ये मध्ये तोंड घालतो, ऑर्केस्ट्राचं वाक्य पूर्ण करतो आणि परत गप्प बसतो. नियम माहीत नसेल तर यात काहीच विशेष नाही, माहीत असेल तर हसू फुटतं. कॅडेन्झाचंही तसंच, ऑर्केस्ट्रा एका अधांतरी कॉर्डवर थांबतो, सोलोवाला मनाला येईल ते वाजवतो आणि शेवटी लांब ट्रिल (दोन शेजारचे स्वर झरझर आलटूनपालटून) घेऊन सगळ्यांना खुणावतो की चला या. डी मायनर कन्चेर्टोसाठी (के. ४६६, १७८५) मोझार्टचा स्वतःचा कॅडेन्झा उरलेला नाही, बीथोवनने लिहिलेला आहे आणि आज बरेचजण तोच वाजवतात. बाईंनी तो दोन्ही वाद्यांवर वाजवलाय आणि फोर्टेपियानोवर बीथोवन वाजताना ते बिचारं वाद्य कसं हातघाईला येतं ते ऐकण्यासारखं आहे, तारा झणझणतात, लाकूड बोलतं.

श्रोत्यांवर एक वेगळा धडा आहे, तो क्रमाने शेवटून दुसरा आहे पण माझं ऐकाल तर आधीच बघून घ्या. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं त्यात पॅरिस सिम्फनीच्या कार्यक्रमाचं वर्णन आहे. पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यात एक जागा त्याला खात्रीची वाटत होती, ती आली आणि लोकांनी चालू संगीतात टाळ्या वाजवल्या, म्हणून ती त्याने शेवटाकडे परत आणून ठेवली होती, परत टाळ्या. आणि त्याने ऐकलं होतं की इथे शेवटची मूव्हमेंट सगळी वाद्यं एकदम सुरू करतात, म्हणून त्याने मुद्दाम फक्त दोन व्हायोलिन्सनी आठ बार हळू आवाजात सुरू केली, लोकांनी त्याच्या अंदाजाप्रमाणे एकमेकांना श्श श्श केलं, आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा एकदम आला आणि परत टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर गडी खुशीत पॅले रॉयालला जाऊन आइस खाऊन आला. आजच्या त्या खोकला दाबून बसलेल्या हॉलपेक्षा किती वेगळं! लोकांना पुढे काय येणार याची सवय होती म्हणून तर त्यांना फसवता येत होतं, आणि फॉर्म म्हणजे शेवटी ही दोघांमधली सवयच. हे कोर्सच्या पहिल्या धड्यात सांगायला हवं होतं, पार शेवटी काय लपवलंय कळत नाही.

राहून गेलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल एका स्लाइडवर उरकलाय, ज्याचे ते मध्येच तुटणारे, दचकवणारे कीबोर्ड सोनाटा ऐकल्याशिवाय हायडन कुठून आला ते समजत नाही. माद्रिदकडे बसून क्विंटेट्स लिहिणारा बोक्केरिनी नाहीच. व्हिएन्नातली मारियाना मार्टिनेस, जिला लहानपणी कीबोर्ड शिकवायला त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा तरुण हायडन यायचा, ती नाही. शेव्हालिए द सां-जॉर्ज नाही, ज्याच्या हाताखाली पॅरिसच्या त्या मोठ्या ऑर्केस्ट्राने हायडनच्या पॅरिस सिम्फन्या (८२ ते ८७) वाजवल्या. तीनच नावं घेऊन सत्तर वर्षं भागवायची जुनी खोड इथेही आहे. ऑपेराला एकच धडा आणि तोही घाईत, पण त्यात 'डॉन जियोव्हानी'च्या (१७८७) पहिल्या अंकाच्या शेवटातले तीन नाच घेतलेत, स्टेजवर तीन छोटे ऑर्केस्ट्रा, एकाच वेळी तीन वेगवेगळ्या तालातले नाच, वरच्या लोकांचा मिन्युएट, मधल्यांचा कॉन्ट्रडान्स, खालच्यांचा जर्मन डान्स, आणि ते थर एकेक करून वेगळे ऐकवलेत, त्या साताठ मिनिटांसाठी बाकीचं माफ.

बीथोवनचा भाग एरोइका सिम्फनीवर (१८०३-०४) संपतो. एकटी पहिली मूव्हमेंटच ६९१ बार लांब आहे, डेव्हलपमेंट एक्स्पोझिशनपेक्षाही ऐसपैस, तिच्यात मध्येच एक नवीन ट्यून, ई मायनरमध्ये, घरापासून कोसभर लांब. आणि मग रीकॅपच्या अगदी आधीची ती हॉर्नची जागा, व्हायोलिन्स अजून डॉमिनंटवर थरथरताहेत आणि हॉर्न घाईने घरच्या ट्यूनवर येतो, दोन कॉर्ड एकमेकांवर आदळतात. पहिल्या तालमीत शिष्य फर्डिनांड रीसला वाटलं हॉर्नवाला मोजायला चुकला, त्याने तसं बोलून दाखवलं आणि बीथोवनची थोबाडीत खाता खाता वाचला. धड्यात ही जागा आधी बरोबर लिहिलेली आणि मग 'दुरुस्त' करून अशी दोन्ही वाजवून दाखवलीय, दुरुस्त केलेली इतकी मिळमिळीत वाटते की बस. क्विझ बनवणाऱ्याला ही जागा दिली असती तर त्याने हॉर्नला लाल फुली दिली असती.

घेणार असाल तर काही बारीकसारीक सूचना. क्लिप्समध्ये वेळ वाचवायला एक्स्पोझिशनचे रिपीट सगळीकडे कापलेत, आणि खरं तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते रिपीटच हवं असतं, त्याशिवाय ट्यून डोक्यात बसणार कशी. पूर्ण रेकॉर्डिंग्ज शेवटच्या धड्याच्या खाली 'अतिरिक्त' म्हणून एका फोल्डरमध्ये टाकलीत, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, ती डाउनलोड करून अॅपच्या बाहेर ऐका, त्यांचा आवाजही दाबलेला नाही आणि स्टामिट्झचा क्रेशेंडो तिथे व्यवस्थित आहे. सबटायटल्स मशीनने केलेली दिसतात, 'केडन्स'चं (वाक्याच्या शेवटचा विराम) प्रत्येक ठिकाणी भलतंच काहीतरी झालंय, बंदच ठेवा. क्विझ सोडून दिल्या तरी सर्टिफिकेट मिळतं, मी बघितलंय.